मास्तरांनी शिवलेला पिवळा फ्रॉक

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांना पोलिसांनी धरून नेलं, त्याला महिना झाला होता. पाच बायकांचे खून, असं टीव्हीवाले रोज घसा फोडून सांगत होते. सिद्ध काहीच झालं नव्हतं, पण गल्लीने निकाल केव्हाच देऊन टाकला होता. घरोघरी त्यांनी शिवलेले कपडे शोधून जाळले जात होते.

"आपणही उरकून टाकू," आई म्हणाली. मी ट्रंक उघडली.

मला आठवत होते ते मास्तर वेगळेच होते. आठ वर्षांच्या मला स्टुलावर उभं करून माप घेणारे, "हलू नकोस गं, चिमणे," म्हणणारे, उरलेल्या चिंध्यांची बाहुली करून देणारे. दुकानात खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास असायचा.

तळाशी पिवळा फ्रॉक निघाला.

"तुझ्या आठव्या वाढदिवसाचा हा, तू कधी घातलाच नाहीस. केवढा ढगळ झाला होता!" आई म्हणाली. "मी भांडायला गेले, तर म्हणतात कसे, 'माप बरोबर आहे, वहिनी.'"

कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो. गंमत म्हणून मी तो अंगात घातला.

कंबर नेमकी बसली. बाह्याही बसल्या. आईचं हसू मावळलं.

गेल्या वर्षी अपघातात माझा डावा खांदा मोडला, तो कायमचा बोटभर खाली राहिला. आईने पुढे होऊन तिथली शिलाई चाचपली.

फ्रॉकचा डावा खांदा बोटभर उतरता कापलेला होता.