उघडी मूठ

“चारही उघडी मूठ?” दादाने तिने निवडलेल्या पत्त्यांचा डेक टेबलावर पुन्हा एकदा पसरला. “चिमणे, चेष्टा करतेस का माझी?”

“एका पत्त्याच्या चार प्रती चालतात. तूच शिकवलंस,” त्याची धाकटी बहीण म्हणाली.

“चालतात गं. पण हा पत्ता कुणी एकसुद्धा घेत नाही.”

ते खरंच होतं. क्लबातल्या प्रत्येकाच्या खोक्यात तो तळाशी पडलेला असायचा. गडद निळ्या-करड्या पत्त्यांच्या त्या खेळात तो एकटाच हळदीसारखा पिवळा. तो टाकला की हातातले सगळे पत्ते टेबलावर उलगडून ठेवायचे. समोरच्याने ते मोठ्याने वाचायचे, आणि पुढे ओढलेला प्रत्येक नवा पत्ताही त्यानेच वाचायचा. बदल्यात दर फेरीला एक पत्ता जास्त मिळायचा. एवढ्याशा पत्त्यासाठी घराची किल्ली चोराच्या हातात कोण देईल?

दादा क्लबाचा कप्तान होता. मोठ्या स्पर्धेसाठी संघातल्या दोन जागा ठरल्या होत्या. तिसरी जागा दरवर्षी न विचारता चिमणीची असायची. या वर्षी क्लबातला एक वकील त्या जागेवर डोळा ठेवून होता, आणि चांगला खेळत होता. दादाने सांगून टाकलं होतं, आज एक डाव, जो जिंकेल तो जाईल.

सांगताना जीभ जड झाली होती. पण चिमणीचे अलीकडचे सरावाचे डाव बघवत नव्हते. हातात ढाल असताना ती तलवार टाकायची, आणि मग स्वतःच टाकलेल्या पत्त्याकडे परक्यासारखी बघत बसायची.

“तुला बरं वाटत नाही का?” त्याने विचारलं. “छापखान्यातली नोकरी सोडलीस, तेव्हाही धड कारण सांगितलं नाहीस.”

“प्रुफं तपासून कंटाळा आला. दुसऱ्यांच्या चुका किती शोधायच्या?”

“म्हणून आता स्वतःच्या करणार?”

“तुझ्यापेक्षा बऱ्या करीन.”

ती हसली, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. कालपासून ती रुसली आहे अशी त्याची समजूत होती. काल सकाळी त्याने कित्येक वर्षांच्या मिशा उतरवल्या होत्या. बायको हसून हसून खाली बसली. वकिलाने तर “कप्तान कुठे गेले, तुम्ही नवीन कारकून का?” असं विचारलं. चिमणी मात्र समोर बसून शांतपणे चहा प्यायली. मिशांबद्दल चकार शब्द नाही.

वकील आला. काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून त्याने बाह्या वर सारल्या.

“तुमच्या बहिणीकडून हरलो तर पक्षकार सोडून जातील हो माझे.”

“मग आत्ताच तडजोड करा,” चिमणी म्हणाली.

पत्ते वाटले गेले. चिमणीने आपले पत्ते चेहऱ्याजवळ धरले, एकेक करून सरकवले, आणि मधला पिवळा टेबलावर ठेवला.

“उघडी मूठ.”

वकिलाने दादाकडे पाहिलं. “साक्षीदार पहिल्याच तारखेला फुटला की.”

“वाचा,” ती म्हणाली. तिने पत्ते डावीकडून उजवीकडे ओळीने मांडले.

वकील कोर्टातल्या आवाजात वाचू लागला. “राखेचा पक्षी. झोपलेला डोंगर. ओल्या वाटेचा राखणदार. पुन्हा राखेचा पक्षी.” लहानपणीचं एखादं गाणं लांबून कानी यावं तशी चिमणी मान कलती करून ऐकत होती. एकेका नावाबरोबर तिचं बोट एकेका पत्त्यावर टेकत होतं.

पत्ता टाकायचा तर नाव घेऊन टाकायचा, हा क्लबाचा जुना नियम. वकील नाव घेऊन टाकायचा, चिमणी नाव घेऊन उत्तर द्यायची. चुकीचा पत्ता एकदाही तिच्या हातून पडला नाही.

दादाला काही उमगेना. बहिणीचं सगळं उघड्यावर होतं, तरी घाम वकिलाला फुटला होता. समोर डोंगर झोपलेला दिसतोय, तो उठेल म्हणून त्याने आपल्या भिंती उभारल्या. डोंगर उठलाच नाही. पक्ष्याला अडवायला त्याने जाळं खर्च केलं, तोवर राखणदार वाट ओलांडून आला.

“हे बरोबर नाही,” वकील पुटपुटला. “सगळं दिसतंय, म्हणून काहीच सुचत नाही.”

“राखेचा पक्षी,” चिमणी म्हणाली, आणि डाव संपला.

आता दादाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समोरच्याला इतकं दाखवायचं, इतकं दाखवायचं, की त्यातच तो बुडावा! आणि आपण हिला वेडी समजत होतो. हिची जागा दुसऱ्याला द्यायला निघालो होतो.

वकिलाचा फोन खिशात थरथरला. त्याने दादाच्या खांद्यावर थोपटलं, कोट उचलला आणि मुकाट्याने बाहेर गेला. चिमणी खाली वाकून सांडलेले पत्ते चाचपत गोळा करत होती.

दादा वकिलाच्या रिकाम्या खुर्चीत बसला. माफी मागायची होती, पण आधी तिची जागा तिला द्यायची होती. डोक्यावर दिवा स्वच्छ जळत होता, मध्ये हातभर टेबल. त्याने संघाचा बिल्ला काढून तिच्यापुढे ठेवला.

चिमणीने मान वर केली. बिल्ल्याकडे नाही, थेट त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि परक्या माणसाशी हसावं तसं अदबीने हसली.

“वकीलसाहेब,” ती म्हणाली, “छान वाचता हो तुम्ही.”