पिंपातला उंदीर

सोनेरी सिंह दिसले तेवढं पुरे, असं म्हणत बसम्मानं पोराचा पासपोर्ट घाईघाईनं फडक्यात गुंडाळला, ज्वारीच्या पिंपात खोल पुरला आणि देवाचं नाव घेतलं. चोरीत देवाला कशाला ओढलं, म्हणून लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

कल्पना शेजारच्या चंद्रव्वाची. "त्या सिंहाच्या पुस्तकाबिगर इमानात चढूच देत न्हाईत. लपीव. पोरगं ऱ्हातंय का न्हाई बग!"

प्रभु ऑस्ट्रेलियाहून सहा वर्षांनी आला होता, तोही पंधरा दिवसांसाठी. येताना आईला एक लोकरीचं खेळणं आणलं होतं.

"एवढा थोरला उंदीर?" बसम्मानं विचारलं.

"कांगारू हाय अव्वा. आमच्याकडं असत्यात."

सोलापुरात जन्मलेलं पोर, आणि 'आमच्याकडं' म्हणजे तिकडं! त्याच दुपारी तिनं त्याची बॅग उघडली होती.

आता पिंप उघडायची चोरी झाली. घरात पिंपभर ज्वारी, आणि बाई दुकानातनं पीठ आणायला लागली.

त्यात प्रभु सारखा म्हणायचा, "अव्वा, जरा बस की. एक सांगायचंय."

चोरी सापडली, असं वाटून ती ताट पुढं सरकवायची. "आदी जेव!" चौथ्यांदा तर तिनं शेंगाचटणीचा घासच त्याच्या तोंडात कोंबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ठसक्यानंच असणार.

निघायच्या सकाळी ती दाराआडनं बघत होती. आता शोधेल, आता बोंबलेल. प्रभुनं निवांत बॅगेची चेन ओढली, पाया पडला, दारातल्या गाडीकडं निघाला.

पोलीस धरतील की पोराला! बसम्मा आत पळाली, पिंपात हात घातला, फडकं सोडलं. पासपोर्टाचा एक कोपराच गायब!

"प्रभु, थांब रं! मीच लपीवला हुता. तू ऱ्हाशील वाटलं. आन् आता उंदरानं कोपरा खाल्ला की रं!"

प्रभुनं पासपोर्टावरची ज्वारीची धूळ पुसली आणि तो परत तिच्या ओंजळीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं, अव्वा. कोपरा उंदरानं न्हाई, हापिसात कापलाय. ह्यो आता चालत न्हाई. त्येच सांगत हुतो."

खिशातनं त्यानं दुसरा पासपोर्ट काढला. तोही निळाच. त्यावर सिंह नव्हते. मागच्या पायांवर तोच थोरला उंदीर उभा होता.