एकतीस नंबरचे आकडे

"एकशे अडतीस, खाली शहाऐंशी," एकतीस नंबर फोनवर म्हणाली आणि सिस्टरचं पेन थांबलं.

"आतापर्यंत एकशे बाराच्या पुढे गेलं नव्हतं तुमचं."

"मशीन दाखवतंय ते सांगते. मनचं कशाला सांगू?"

आवाज घोगरा होता. मागच्या गुरुवारी तिनं फोनच उचलला नव्हता. सर्दीनं घसा पार बसलाय, म्हणाली. सिस्टरनं तेविसाव्या आठवड्यापुढे आकडा लिहिला आणि शेजारी बारीक फुली मारली.

मूल होण्यासाठी उपचार घेऊन दिवस राहिलेल्या बेचाळीस बायका या अभ्यासात होत्या. अशा बायकांचं ब्लड प्रेशर पुढच्या महिन्यांत का चढतं, ते डॉक्टरांना शोधायचं होतं. तपासण्या ज्या त्या बाईच्या दवाखान्यात. इथून फक्त एक मशीन आणि एक वही मिळायची. सकाळी सातला दंडाला पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा आणि गुरुवारी सिस्टरचा फोन आला की वाचून दाखवायचा. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर.

आकडा खरा की बसल्या जागी ठोकून दिलेला, हे ओळखायची युक्ती आकडेवाल्या सरांनी शिकवली होती. "थापा शून्यावर संपतात," सर म्हणायचे. "एकशे वीस, ऐंशी. माणूस खोटं बोलतानासुद्धा आळशीच." त्या युक्तीनं नऊ नंबर आणि सव्वीस नंबर लगेच पकडल्या गेल्या. एकतीस नंबरचे आकडे मात्र वेडेवाकडे असायचे. एकशे एकेचाळीस, सत्याऐंशी. एकशे छत्तीस, नव्वदला एक कमी. पट्टा बांधल्याशिवाय असले आकडे येत नाहीत, म्हणून तिच्या खरेपणाबद्दल सिस्टर निर्धास्त होती.

सिस्टर तिला सगळ्यात शेवटी फोन करायची. बाकीच्या बायका हो-नाही-बरं करून मोकळ्या व्हायच्या. एकतीस नंबर बोलायची. तिचा नवरा जहाजावर, घरात ती आणि आई. सुरुवातीला ती आईच्या तक्रारींचा पाढाच वाचायची: जिना चढले की पायऱ्या मोजते, शिंकले की धावत येते, सिस्टर, तुम्हीच सांगा हो तिला. ती सर्दी झाल्यापासून तक्रारी बंद झाल्या. बोलणं मात्र वाढलं.

"जेवलीस का गं?" एका गुरुवारी तिनं विचारलं.

सिस्टर गडबडली. इतके महिने अहो-जाहो चाललेलं. पण असं तिला कुणी विचारून किती वर्षं झाली होती! तिचे स्वतःचे तीन उपचार वाया गेले होते आणि चौथ्यासाठी नवरा थांबला नव्हता. रविवारी भाड्याच्या खोलीत तिच्या तोंडून दिवसभर एक शब्द निघत नसे.

"ब्रेड खाल्ला," ती म्हणाली.

"ब्रेड म्हणजे काय जेवण झालं? घरी जाऊन काहीतरी गरम करून खा. मी पुढच्या वेळी विचारणार आहे."

आणि तिनं खरंच विचारलं. सिस्टर गुरुवारची वाट बघू लागली. या बेचाळिसांतलं हे एक बाळ तरी सुखरूप हातात यावं, असं तिला फार वाटायचं.

"डोकं दुखतं?" ती यादीतले प्रश्न विचारायची.

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी? पायाला सूज?"

"सूज नाही. गुडघे तेवढे धरतात."

"वजन वाढतं ना, म्हणून. बाळ हलतं नीट?"

"काही त्रास नाही देत."

"आई कशा आहेत?"

"आहे. तिला काय धाड भरलीय?"

तिसाव्या आठवड्यात एकशे बावन्न आणि शहाण्णव आला. सिस्टरनं कागद डॉक्टरांपुढे ठेवला. "आजच्या आज बोलावून घ्या. हे दोघांच्या जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

"येते की," एकतीस नंबर फोनवर म्हणाली. "दोन दिवसांनी येते."

"दोन दिवस नाही, आत्ता. ऐका माझं."

"आले, की तुझे फोन बंद होतील ना गं?"

"मी रोज करीन फोन. पण तुम्ही या."

ती आली नाही. शुक्रवारी सकाळी सिस्टरनं डॉक्टरांच्या कपाटातला पत्ता मागून घेतला आणि रिक्षा केली. चार जिने ती धावतच चढली.

दार साठीच्या बाईनं उघडलं. हीच ती पायऱ्या मोजणारी आई.

"मी अभ्यासातली सिस्टर. ताई कुठायत? त्यांना लगेच हलवायला हवं, खाली रिक्षा थांबवलीय."

बाई बाजूला झाली आणि तिनं आतल्या खोलीकडे नुसता हात केला.

आत पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. टेबलावर मशीन, शेजारी वही. सिस्टरनं वही उघडली. बाविसाव्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत बारीक, गोल अक्षर. मग आठ दिवस कोरे. त्यापुढे मोठं, थरथरतं अक्षर, आणि एकही आकडा शून्यावर संपलेला नाही.

बाई मागे येऊन उभी राहिली. तिची डावी बाही वर दुमडलेली होती आणि दंडावर पट्ट्याचा लाल वळ होता.

"ती त्या मंगळवारीच गेली गं, पोटातल्या जिवासकट," सिस्टरच्या गुरुवारच्या ओळखीचा घोगरा आवाज म्हणाला. "पण आकडा तुला एकही खोटा सांगितला नाही. जेवलीस का तू?"