हिरव्या चिंध्या

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत परेशने विनिताला मुलुंडमागच्या डोंगरावर नेलं. शिखरावरून धबधब्याकडे उतरताना तिच्या मनात पाल चुकचुकली. "मीही पहिल्यांदाच येतोय" म्हणणारा नवरा प्रत्येक फाट्यावर बेधडक वळत होता, आणि तिथल्या झाडाला हिरवी चिंधी बांधलेली असायची. बाईच्या साडीची! गेले तीन रविवार 'ऑफिसचं काम' सांगून हा कुणाबरोबर भटकत होता? धबधब्यापाशी तिने शेवटची चिंधी ओढून काढली. कडेला इस्त्रीचा ओळखीचा डाग होता. ही तिचीच हरवलेली साडी! "तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला झेपेल अशी वाट शोधत होतो यार," परेश ओशाळला. "खुणांसाठी पार्वतीबाईंनीच ही जळकी साडी फाडून दिली. त्यांनी आपल्याकडचं धुण्याभांड्याचं काम का सोडलं गं?" विनिताची मूठ चिंधीवर आवळली. साडीचोरीचा आळ घेऊन तिने त्यांना हाकललं, तेव्हा पार्वतीबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "ताई, एकदा दादांना विचारा."