चार सेकंदांवरचा कडा

बेटावर आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. होडीवाला सकाळी सोडून गेला होता, चारला न्यायला येणार होता.

जेवणं झाल्यावर जाड्यानं किनाऱ्याच्या टोकाच्या कड्याकडे तोंड करून उगाचच हाक मारली, "ओऽऽ!" कड्यानं ती परत दिली.

आमचा मोजणीदार मित्र ताठ बसला. जमिनी मोजण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्यानं मोबाइलवर वेळ धरून जाड्याला पुन्हा हाक मारायला लावली.

"चार सेकंद. म्हणजे कडा जवळजवळ सातशे मीटरवर. पण तीनदा मोजल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. आणखी एकदा."

"सुट्टीत तरी माणसासारखा वाग रे," मी म्हटलं.

जाड्यानं हाक मारली. तीन सेकंद.

"चुकलं तुझं," जाड्या म्हणाला.

"माझं? शक्यच नाही. आणखी एकदा."

दोन.

कडा होता तिथेच होता. मोजणीदाराचे डोळे चमकत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. "मार की," मीच म्हटलं.

या वेळी उत्तर समोरच्या झुडपांतून आलं, जाड्याची हाक संपायच्या आत.

जाड्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी मोजणीदाराचा दंड पकडून मानेनंच 'पुरे' म्हणून खुणावलं. त्यानं मोबाइल वाळूत ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आमच्या पाठीमागून, अगदी खांद्याजवळून, त्याचाच आवाज आला,

"आणखी एकदा. मग आकडा लिहू."