बुवांचं अडखळणं

काल कीर्तनात खांबेटेबुवा अभंगाचा चरण विसरले आणि नेमकी तेव्हाच मृण्मयी मोबाइल धरून समोर बसली होती. शाळेत व्हिडिओतून गोष्ट सांगायला शिकवतात म्हणे. तेवढंच कापून पोरीनं गावभर फिरवलं, तर पुढच्या सप्ताहाला कोण बोलावणार?

सकाळीच बुवांनी तिला गाठलं. “काय केलंस ते दाखव पाहू.”

“तुमचं विसरणं ठेवलंय, बुवा. गोष्ट तिथंच आहे.”

पडद्यावर बुवा थांबले. मग कॅमेरा श्रोत्यांकडे वळला. मागे खांबांना टेकलेली म्हातारी मंडळी डोळे मिटून तोच चरण गात होती. काल लाजेपायी बुवांना हे ऐकूच आलं नव्हतं.

“तीस वर्षं मला वाटलं, ही मंडळी झोपायला येते,” ते हळूच म्हणाले. “लाव गं पुन्हा.”