बाकावरचा नेव्हिल

"कोट चढव आणि बस खाली," संघाचा मॅनेजर वॉल्टर ग्रिमशॉ म्हणाला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही त्यानं.

नेव्हिल फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला पळून अंग गरम करत होता. सामना संपत आला होता आणि कॅल्डरथॉर्प एका गोलनं मागे होतं. लीगमध्ये हरलं तर पुढचा शनिवार असतो. कपमध्ये हरलं की खेळ खलास, वर्षभर घरी बसा. गिरण्यांचं ते अख्खं गाव मैदानावर लोटलं होतं आणि त्यानं नेव्हिलच्या नावाचा धोशा लावला होता.

"बॉस, मला पाठवा," नेव्हिल म्हणाला. मैदानावर बापाला बॉस म्हणायचं आणि घरी बाबा, असा त्यांचा शिरस्ता. "सिरिलच्या पायात गोळे आलेत. त्याला धड उभंही राहवत नाही."

"सिरिलच खेळेल."

"वॉल्टर, पोरगं दत्तक घेतलंयस काय रे?" मागून कुणीतरी विचारलं. लोक खो खो हसले. वॉल्टरची मान लाल झाली.

आता याला काय म्हणावं? दर शनिवारी लीगच्या सामन्यात हाच बाप नेव्हिलला पहिल्या अकरांत घ्यायचा, आणि पोरगाही गोलांचा सपाटा लावायचा. कप आला की मात्र बाक. पहिल्या फेरीत तेच, दुसरीत तेच, आज तिसरीतही तेच. विचारलं की ठरलेलं उत्तर, "कप म्हणजे चिखल आणि कोपरं. तिथं मुरलेली हाडं लागतात." मुरलेली हाडं म्हणजे सिरिल, वॉल्टरचा पबमधला जुना दोस्त. गावानं काय ते ओळखलं. नेव्हिलनंही ओळखलं.

शेवटी सिरिलनं मोकळ्या गोलसमोर चेंडू आभाळात मारला आणि कॅल्डरथॉर्पचा कप संपला.

घरी आईनं मटण-बटाट्याचं हॉटपॉट वाढलं. कुणी हात लावला नाही.

"दोन मोठे क्लब दाराशी आले होते, बाबा," नेव्हिल म्हणाला. "दोघांनाही मी नाही म्हटलं. का? तर मला याच गावासाठी कप खेळायचा होता. तुमच्या हाताखाली. लहानपणापासून दुसरं काही मागितलं नाही मी."

"ठाऊक आहे मला."

"मग मी नालायक आहे असं तरी म्हणा."

"नालायक नाहीस तू."

"लोक जन्मभर विचारतील, सख्ख्या बापानं का बसवलं म्हणून. काय सांगू त्यांना?"

"सांग, बाप मूर्ख होता." वॉल्टरनं ताट सरकवलं आणि उठून परसात गेला. आई त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही काही कळत नव्हतं.

आठवड्याभरात क्लबनं वॉल्टरला काढलं. उभी हयात तिथं घालवलेला माणूस, पण कुणाला वाईट वाटलं नाही. नेव्हिलला तर मुळीच नाही. मार्च लागताच लंडनच्या एका बड्या क्लबनं त्याला मागणी घातली. या खेपेला तो एका पायावर तयार झाला.

टॅक्सी दाराशी आली. वॉल्टरनं हात पुढे केला.

"मुरलेल्या हाडांना जपा," नेव्हिल म्हणाला आणि आईचा मुका घेऊन आत बसला. हात तसाच राहिला.

लंडनच्या क्लबची कपमधली घोडदौड चालूच होती. नेव्हिलबरोबर डंकन नावाचा एक स्कॉटिश गडीही विकत घेतला होता, खेळात नेव्हिलपेक्षा काकणभर सरस. पण कपच्या दिवशी तो कोट घालून बाहेर बसायचा. नोव्हेंबरात तो जुन्या क्लबकडून कपचा एक सामना खेळला होता, आणि एका मोसमात कप एकाच क्लबकडून खेळता येतो.

"तू बरा सुटलास," डंकन म्हणाला.

"माझा बाप," नेव्हिल म्हणाला. "आयुष्यात एकदाच माझ्या कामी आला, तोही चुकून." दोघं हसले.

उपांत्य सामन्याला नेव्हिलनं घरी एकच तिकीट पाठवलं, आईच्या नावानं. वॉल्टरनं सामना रेडिओवर ऐकला. फायनलच्या आदल्या आठवड्यात तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. नेव्हिलनं शवपेटीला खांदा दिला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मात्र परतीच्या गाडीत एकच गोष्ट मनातून जाईना. राग धरायला आता माणूसच उरला नव्हता.

फायनल त्यांनी जिंकली. गोल नेव्हिलचा.

ड्रेसिंग रूममध्ये बाकीचे आंघोळीच्या हौदात डुंबत गाणी म्हणत होते. नेव्हिल चिखलाच्या कपड्यांनिशी कोपऱ्यात बसला होता. मॅनेजर पेन्रोझ त्याच्याशेजारी येऊन टेकला.

"फायनल होईपर्यंत बोलायचं नाही असा शब्द दिला होता तुझ्या बापाला," तो म्हणाला. "आज मोकळा झालो."

"बाबांना? तुम्ही कुठं भेटलात त्यांना?"

"ऑक्टोबरात तो आपण होऊन आला होता. म्हणाला, पोरगं गावात कुजेल, त्याला न्या. मी म्हटलं, मार्चशिवाय माझ्या हातात पैसे नाहीत, आणि तोवर तो तुमच्याकडून कप खेळला तर माझ्या काय कामाचा? तर म्हणाला, एक मिनिटही खेळवणार नाही."

"म्हणून सिरिल," नेव्हिल म्हणाला.

"मी म्हटलं, अरे, निदान पोराला सांग तरी. जन्मभर तुझं तोंड बघणार नाही तो." पेन्रोझनं खांद्यावर हात ठेवला. "तर म्हणाला, सांगितलं तर तो मला सोडून यायचाच नाही. माझा तिटकारा येऊ दे त्याला, म्हणजे जाईल."